१८४७ ची पाटी, १८७१ ची भिंत: टेक्ससमधल्या एका जर्मन शेतघराचं प्रकरण

हे प्रकरण टेक्ससमधल्या गिलेस्पी काउंटीतल्या एका शेतघराचं आहे. मालकांची ओळख पटू नये म्हणून नेमकं ठिकाण, कुटुंबाचा तपशील आणि काही मापं बदलली आहेत. तपासाचा क्रम, घेतलेले निर्णय आणि झालेल्या चुका जशा घडल्या तशाच मांडल्या आहेत.

पार्श्वभूमी

१८४२ साली ऱ्हाईन काठच्या बीब्रिख इथे काही जर्मन सरदारांनी एकत्र येऊन टेक्ससमध्ये वसाहत करण्यासाठी मंडळ काढलं. पुढे ते ‘आडेल्सफेराइन’ या नावानं ओळखलं गेलं. मंडळाच्या आश्रयानं १८४५ मध्ये न्यू ब्राउनफेल्स आणि ८ मे १८४६ रोजी फ्रेडरिक्सबर्ग वसलं. लोक इंडियानोलाच्या किनाऱ्यावर उतरत आणि तिथून बैलगाड्यांनी आत येत. १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध पेटलं, गाड्या सैन्याच्या कामाला गेल्या आणि शेकडो माणसं किनाऱ्यावर आणि वाटेत तापानं, हगवणीनं मेली. जे पोहोचले त्यांना फ्रेडरिक्सबर्गमध्ये घरासाठी जागेचा एक तुकडा आणि गावाबाहेर १० एकर जमीन मिळाली.

आपल्या प्रकरणातलं कुटुंब यांच्यातलंच. घर गावापासून काही मैलांवर, ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. बाहेरून ते लांबट, पांढऱ्या गिलाव्याचं आणि पत्र्याच्या छपराचं दिसतं. आत शिरलं की मात्र तीन घरं एकाला एक चिकटवलेली आहेत हे कळतं. पश्चिमेला ओंडक्यांची खोली. मध्ये ‘फाखवेर्क’, म्हणजे लाकडी सांगाडा उभारून मधले खण चुनखडीच्या दगडांनी भरलेला भाग. पूर्वेला, रस्त्याच्या बाजूला, घडीव चुनखडीची खोली. उत्तरेला सगळ्या लांबीभर पडवी. माळ्यावर जायचा जिना बाहेरून, त्या मुलखातल्या अनेक जर्मन घरांसारखा. पुण्या-नाशिकच्या वाड्यात वावरलेल्या माणसाला हा मधला भाग फार परका वाटणार नाही. लाकडाचा सांगाडा भार घेतो आणि भरणाची भिंत फक्त आडोसा करते, हा हिशेब तोच.

रस्त्यावर लाकडी पाटी होती: ‘१८४७’. घरातल्या प्रत्येकाला हे साल तोंडपाठ.

अडचण

चौथ्या-पाचव्या पिढीतल्या तीन भावंडांना घर वारशानं मिळालं. त्यांना ते पाहुण्यांना भाड्यानं राहायला द्यायचं होतं. ठेकेदारानं सुचवलं की बाहेरचा गिलावा काढून आतलं लाकूड उघडं करावं, पत्रा काढून सायप्रस वृक्षाची लाकडी फळकुटं घालावीत आणि मागची पडवी पाडावी. असं ‘मूळ रूप’ पाहुण्यांना आवडतं, हे खरं. दक्षिणेच्या भिंतीवरचा गिलावा पाच दिवसांत निघालाही.

तिथे काम थांबलं. खालच्या बाजूनं निघालेला गिलावा सिमेंटचा होता, बहुधा १९५० नंतरचा, आणि त्यामागची तळतुळई (जोत्यावर आडवी टाकलेली, ज्यावर सगळे खांब उभे असतात ती) पोखरली गेली होती. स्क्रू-ड्रायव्हर टेकवला की बोटभर आत जात होता. लाकडातला ओलावा २८ ते ३० टक्के भरला. २० च्या खाली असेल तर लाकडाला बुरशी सहसा धरत नाही. शेजारच्या दगडांचे पापुद्रे सुटत होते आणि सांध्यांवर लोणा फुलला होता.

कारण साधं आहे आणि आपल्याकडच्या जुन्या भिंतींनाही तेच भोवतं. चुन्याची भिंत जमिनीतून पाणी ओढते आणि बाहेरच्या पृष्ठभागातून ते सोडून देते. त्यावर सिमेंटचं कवच चढवलं की पाणी कोंडतं आणि बाहेर पडायला वरची जागा शोधतं. सोबत आलेले क्षार दगडाच्या कातडीखाली स्फटिक धरतात आणि कातडी फोडतात. इथे भर म्हणजे ओसरीचं काँक्रीट थेट भिंतीला टेकवून ओतलेलं होतं, त्यामुळे पावसाचं पाणी तळतुळईच्या कडेला साठत होतं.

आता प्रश्न दोन झाले. घर वाचवायचं कसं, हा एक. आणि वाचवायचं म्हणजे कुठल्या सालचं घर, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून होतं.

घराचा इतिहास वाचण्याचा क्रम

आधी कागद. गिलेस्पी काउंटी १८४८ मध्ये स्थापन झाली, पण १८५० साली ज्या दुकानात काउंटीची दप्तरं ठेवलेली होती ते जळालं. त्यामुळे पहिल्या वर्षांचे खरेदीखतांचे दाखले तिथे मिळत नाहीत. मूळ जमीनदानांचे कागद ऑस्टिनच्या जनरल लँड ऑफिसात वेगळे राहिले, म्हणून तिकडून सुरुवात केली. कुटुंबाचा पहिला तुकडा गावाजवळचा १० एकरचा निघाला. हे शेत नव्हेच! हे शेत त्यांनी १८५० च्या दशकात विकत घेतलं होतं. एवढ्यावरच पाटीवरचं साल डळमळलं.

त्यानंतर कराच्या याद्या. कराची यादी घराचं वय सांगत नाही, पण एकर तेवढेच राहून किंमत एकदम उडाली असेल तर त्या वर्षाच्या आगेमागे काहीतरी बांधलं गेलं, असं धरायला जागा असते. इथे अशी मोठी उडी १८७० आणि १८७२ च्या मध्ये दिसली. १८५० ते १८८० च्या जनगणनांसोबत शेतीचे वेगळे तक्ते असत. त्यात कसलेली जमीन, बैल, मका सगळं नोंदलेलं आहे. १८६० ते १८७० मध्ये या घराची वाढ जवळजवळ ठप्प होती. तो यादवी युद्धाचा काळ. टेक्ससनं अमेरिकी संघराज्यातून फुटून निघण्याच्या विरोधात गिलेस्पी काउंटीनं मत दिलं होतं, आणि १० ऑगस्ट १८६२ रोजी न्यूएसिस नदीकाठी संघराज्याच्या बाजूच्या जर्मन तरुणांवर हल्ला होऊन अनेक मारले गेले. अशा दहा वर्षांत कोणी घराला खोली जोडली नाही, यात नवल नाही.

घरातल्या पेटीत चुन्याच्या खरेदीची एक पावती होती, जुन्या जर्मन वळणाच्या ‘कुरेंट’ लिपीत. कुटुंबानं तिच्यावरचं साल १८७७ वाचलं होतं. जर्मन हाताचा १ वर लांब टोक घेऊन उतरतो, म्हणून इंग्रजी वाचणाऱ्याला तो ७ वाटतो. अशा वेळी शेवटचा आकडा एकटा वाचायचा नसतो, त्याच सालातल्या पहिल्या आकड्याशी ताडायचा असतो. भिंगाखाली पहिला १ आणि शेवटचा आकडा एकाच घडणीचे निघाले. खऱ्या ७ ला मधून आडवी रेघ होती. साल १८७१. कराच्या यादीतली उडी बरोबर तिथेच येत होती.

मग लाकूड. तिथला पोस्ट ओक ओला असतानाच तासून वापरत, कारण वाळल्यावर तो लोखंडासारखा होतो. म्हणून झाड तोडल्याचं साल मिळालं की बांधल्याचं साल एक-दोन वर्षांच्या अंतरानं मिळतं. त्यासाठी पोकळ गिरमिटानं पेन्सिलीएवढे नमुने काढतात. अट एकच: तुळईवर सालीलगतची कड शिल्लक हवी. ती तासून गेली असेल तर शेवटची किती कडी (खोडात वर्षाला एक पडणारी वर्तुळं) गेली ते सांगता येत नाही. तिन्ही भागांतून मिळून १४ नमुने घेतले, त्यातले ११ त्या भागातल्या झाडांच्या माहीत असलेल्या कड्यांच्या क्रमाशी जुळले. ओंडक्यांची खोली १८५३ च्या सुमाराची, फाखवेर्क १८५७ च्या सुमाराचं. पण ओंडक्यांच्या खोलीतले दोन ओंडके १८४० च्या दशकाच्या अखेरचे निघाले, आणि त्यांच्यावर आता कशातच न बसणाऱ्या रिकाम्या खाचा होत्या. ते आधीच्या कुठल्यातरी झोपडीतून काढून इथे आणलेले. पाटी अगदीच खोटी नव्हती. जुनी झोपडी दुसरीकडे होती आणि तिचे दोन ओंडके मालकासोबत इथे आले.

खिळ्यांनी आणि करवतीच्या खुणांनी बाकीचं पक्कं केलं. दगडी खोलीच्या वाशांवर गोल करवतीच्या कमानी उमटल्या होत्या आणि खिळे चौकोनी, कापीव. पडवीत तारेचे गोल खिळे, म्हणजे ती १८९० च्या आसपासची किंवा त्यानंतरची.

सगळ्यात बोलकी ठरली सुताराची आकडेमोड. फाखवेर्कचा सांगाडा आधी जमिनीवर आडवा जुळवतात, प्रत्येक खाच-कुसवाच्या सांध्यावर छिन्नीनं रोमन आकडा कोरतात, मग सुटा करून उभा करतात आणि लाकडी खुंट्या ठोकतात. दक्षिण भिंतीवर पूर्वेकडून मोजलं तर आकडे तीनपासून सुरू होत होते: III, IIII, V, VI. एक आणि दोन कुठेच नाहीत. दगडी खोलीच्या फळ्या उचलल्यावर तिच्या मधोमध जुन्या जोत्याच्या दगडांची रांग सापडली. म्हणजे १८७१ मध्ये घराचे पहिले दोन खण पाडून त्या जागी दगडी खोली उभी केली होती.

गिलाव्याचं उत्तर उत्तरेच्या भिंतीनं दिलं. पडवी झाल्यापासून ती भिंत आत आली, म्हणून तिथला जुना चुना शाबूत होता. तळहाताएवढा तुकडा सोडवला. त्याखाली खांबाचा चेहरा राखाडी, उन्हापावसात बसलेला. त्यावर गिलावा धरावा म्हणून कुऱ्हाडीनं मारलेले तिरके टोचे, आणि टोच्यांच्या आत लाकूड ताजं, मधाच्या रंगाचं. याचा अर्थ लाकूड काही वर्षं उघडं होतं, नंतर टोचलं आणि टोचल्याबरोबर गिलावा चढवला. त्या गिलाव्यातली रेती आणि चुन्याच्या न विरघळलेल्या गुठळ्या दगडी खोलीच्या दर्जांमधल्या (दोन दगडांमधल्या फटींतल्या) चुन्याशी हुबेहूब जुळत होत्या. दोन्ही कामं एकाच वेळची.

ठेकेदाराला जे ‘मूळ रूप’ वाटत होतं ते या घरानं साधारण १४ वर्षं अंगावर वागवलं होतं. गिलावा दीडशे वर्षं होता.

पर्याय

घर उचलून गावात नेणं हा पहिला. त्या भागात जुनी ओंडक्यांची आणि फाखवेर्कची घरं सुटी करून हलवणं नवीन नाही. पण दगडी खोली हलली नसती, आणि हलवलेलं घर नॅशनल रजिस्टरमध्ये, म्हणजे ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत, एरवी बसत नाही. तो लगेच बाद झाला.

१८५७ चं रूप आणणं, म्हणजे गिलावा, पत्रा, पडवी काढणं. भावंडांपैकी धाकट्याचा याला शेवटपर्यंत ओढा होता. याविरुद्ध तीन गोष्टी होत्या. एक, पूर्ण १८५७ आणायचं तर दगडी खोली पाडून पहिले दोन खण नव्यानं बनवावे लागले असते. ते कोणालाच नको होतं, म्हणजे कधीच अस्तित्वात नसलेलं घर तयार झालं असतं. दोन, टोचे मारलेलं लाकूड पुन्हा उघडं ठेवलं की प्रत्येक टोच्यात पाणी थांबतं. तीन, पैसा. उत्पन्न देणाऱ्या नोंदणीकृत वास्तूच्या दुरुस्तीवर केंद्राची २० टक्के आणि टेक्सस राज्याची २५ टक्के कर-सवलत मिळते. तिची अट म्हणजे अमेरिकेच्या ‘इंटीरियर’ खात्याची जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीसाठीची मानकं. त्यातलं चौथं मानक सांगतं की नंतरच्या काळातल्या ज्या बदलांना स्वतःचं महत्त्व आलं आहे ते राखावेत. १८७१ चा गिलावा त्यात सरळ बसत होता.

तिसरा पर्याय सगळे थर ठेवून फक्त सिमेंट आणि काँक्रीट काढण्याचा. तोच स्वीकारला. पडवीवर थोडी चर्चा झाली, पण उत्तर भिंतीचा पुरावा तिनंच जपला होता, आणि तिच्यात न्हाणीघर बसवलं की जुन्या खोल्यांना नळ-मोरीसाठी भोकं पाडावी लागत नव्हती.

पत्र्याचा निर्णय पाण्यानं केला. उभ्या दुमडीच्या पत्र्याखाली जुन्या सायप्रसच्या फळकुटांच्या विरळ पट्ट्या अजून आहेत, तेव्हा फळकुटं घालणं इतिहासाला धरून झालं असतं. पण घरामागचा दगडी हौद छपराच्या पन्हळीवर भरतो. पत्रा, पन्हळ, हौद ही एकच व्यवस्था आहे. पत्रा राहिला.

काम

पहिल्यांदा ओसरीचं काँक्रीट भिंतीपासून ४५ सेंटिमीटर कापून मागे घेतलं, तिथे चर खणून खडी भरली आणि जमिनीचा उतार बाहेर काढला. मग तीन महिने काही केलं नाही. हे तीन महिने मालकांना फार जड गेले, पण ओली भिंत दुरुस्त करणं म्हणजे ओल आत शिवून टाकणं.

तळतुळईचा कुजलेला भाग साधारण अडीच मीटर होता. वरच्या तुळईखाली टेकू देऊन जॅकनं भार उचलला, दिवसाला ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, एकूण १२ मिलिमीटर. घाई केली तर भरणाचे दगड खणातून निसटतात आणि जुन्या खुंट्या तुटतात. कुजका भाग कापून वाळवलेल्या ओकचा तुकडा तिरक्या जोडानं बसवला. तुळई २० सेंटिमीटर उंच, म्हणून जोडाची लांबी निदान तिच्या तिप्पट, ६० सेंटिमीटर. जोड खांबाच्या बुडाखाली येऊ दिला नाही. नव्या तुकड्याच्या आतल्या बाजूला साल कोरलं, म्हणजे पुढच्या तपासणाऱ्याची फसगत व्हायला नको.

दर्जा हातछिन्नीनं खरवडल्या, रुंदीच्या दुप्पट खोल, कमीत कमी २५ मिलिमीटर. यंत्राची चकती चालवली की चुनखडीच्या कडा जातात आणि परत येत नाहीत. दर्जांसाठी आणि गिलाव्यासाठी नैसर्गिक हायड्रॉलिक चुना (पाण्याच्या संगतीनं जम धरणारा), प्रत ३.५ आणि कमी भार असलेल्या जागी २; एक भाग चुना, अडीच भाग धुतलेली टोकदार रेती. तत्त्व एकच ठेवलं: दर्जेचा मसाला दगडापेक्षा मऊ हवा. झीज व्हायची तर दर्जेची व्हावी, दगडाची नव्हे. शेवटी मुरवलेल्या चुन्याची दुधासारखी पातळ सफेदी, पाच हात.

चुकलं कुठे

दक्षिण भिंतीचा नवा गिलावा जुलैत केला. पारा ३७ अंशांवर, वारा कोरडा. गोणपाट ओलं ठेवायचं ठरलं होतं, पण शनिवार-रविवारी कोणी फिरकलं नाही. सोमवारी भिंतीवर जाळीदार भेगा होत्या आणि नख ओढलं की भुकटी निघत होती. चुना वाळून घट्ट होत नाही. ओलाव्यातच त्याचा जम बसतो आणि मग तो सावकाश हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड बनतो. पाणी आधीच उडालं तर त्याची माती होते. सगळा गिलावा काढला आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा केला, भिंतीपुढे सावलीचं कापड बांधून, आठ दिवस दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा मारून. हा दिनदर्शिकेचा निर्णय होता आणि तो सुरुवातीलाच घ्यायला हवा होता.

त्याहून मोठी चूक पहिल्या पाच दिवसांतली. दक्षिण भिंतीचा वरचा जुना चुना सिमेंटसोबत उतरवून कचऱ्यात गेला. उत्तरेला पडवी नसती तर १८७१ चा दाखला कायमचा गेला असता आणि टोचे केव्हाचे यावर नुसते तर्क राहिले असते. शिवाय केंद्राच्या सवलतीच्या अर्जाचा दुसरा भाग, कामाच्या वर्णनाचा, मंजूर होण्याआधी केलेलं काम मालकाच्या जोखमीवर असतं. ते पाच दिवस स्पष्टीकरणात द्यावे लागले.

घरातल्या वयस्क आत्यांना विचारलं गेलं ते अगदी शेवटी. त्या लहान असताना पडवीतल्या आतल्या भिंतीला मोठी माणसं ‘जुनी बाहेरची भिंत’ म्हणत, हे त्यांनी सहज बोलता बोलता सांगितलं. पहिल्या आठवड्यात हे कळलं असतं तर सगळ्यात आधी तिथेच पाहिलं गेलं असतं. नमुने घेण्याचा क्रमही उलटा हवा होता: झाडांच्या कड्यांचा निकाल यायला काही महिने लागतात, म्हणून तो नमुना पहिल्या दिवशी आणि कागदांचं काम त्या वाट पाहण्यात.

आजची स्थिती

दोन उन्हाळ्यांनंतर तळतुळईचा ओलावा १५ ते १७ टक्क्यांवर स्थिर आहे. दगडी खोलीच्या आतल्या भिंतीवर पहिल्या हिवाळ्यात लोणा पुन्हा दिसला, कोरड्या ब्रशनं झाडला, दुसऱ्या हिवाळ्यात फार थोडा उरला. पाण्यानं धुतला असता तर क्षार परत आत गेले असते.

धाकट्या भावाला लाकूड पाहायचं होतं, तेही झालं. मधल्या खोलीत आतल्या बाजूनं III आणि IIII हे आकडे असलेला सांधा उघडा ठेवला आहे, तिथे कधीच गिलावा नव्हता. रस्त्यावरची ‘१८४७’ ची पाटी काढली नाही. तिच्याखाली दुसरी फळी आली आहे, तिच्यावर १८५३, १८५७, १८७१. दक्षिण भिंतीच्या खालच्या दोन हात उंचीच्या पट्ट्यावरची सफेदी पावसाच्या शिंतोड्यांनी पातळ झाली आहे आणि येत्या ऑक्टोबरात तिला दोन हात द्यायचे आहेत.